शंभुनाथ डे यांचा ‘रिसर्च इंटरेस्ट’ नेमका काय होता?

पीएच.डी.साठी गाईड शोधायला लागलं की प्रत्येक प्राध्यापकाच्या नावाखाली ‘रिसर्च इंटरेस्ट्स’ म्हणून दोन-तीन ओळी दिसतात. होस्ट-पॅथोजेन इंटरॅक्शन, ट्यूमर बायोलॉजी, मॉलिक्युलर पॅथॉलॉजी वगैरे. ही सगळी नामं झाली. त्या माणसाला नक्की काय शोधायचंय, हे त्यावरून कळत नाही. आणि आपण मात्र त्याच नामांवरून ‘माझा विषय जुळतो का’ हे ठरवून मोकळे होतो.

म्हणून आज कलकत्त्याच्या एका प्राध्यापकाकडे बघू. शंभुनाथ डे, पॅथॉलॉजिस्ट, जन्म १९१५, हुगळी जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. त्यांच्या नावापुढे ‘कॉलरा’ एवढंच लिहिलं तर चुकीचं नाही, पण त्यातून काहीच समजत नाही. कॉलऱ्यावर तेव्हा निम्मं जग काम करत होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८८४ साली रॉबर्ट कॉख कलकत्त्यात होता. कॉलऱ्याचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू त्याने वेगळा काढला आणि हा जंतू काहीतरी विष सोडत असावा, असा अंदाजही मांडला. पुढची जवळजवळ पंचाहत्तर वर्षं ते विष कोणाला दाखवता आलं नाही. याचं मोठं कारण पद्धतीत होतं. लोक गिनीपिगच्या पोटाच्या पोकळीत किंवा प्राण्याच्या शिरेत जंतू टोचत. प्राणी मरायचा. पण त्याला जुलाब होत नसत! कॉखच्याच प्रयोगशाळेतल्या रिचर्ड फायफरने अशा प्रयोगांवरून ‘एंडोटॉक्सिन’ची कल्पना मांडली: विष जंतूच्या शरीरातच असतं आणि जंतू फुटला की बाहेर पडतं. कल्पना चांगली होती, पुढे इतर रोगांत फार उपयोगीही पडली. कॉलऱ्यात मात्र तिने सगळ्यांना बराच काळ चुकीच्या दिशेला नेलं. ज्या रोगात माणूस तासाला लिटरभर पाणी गमावू शकतो, त्या रोगाचं विष पाणी न गमावणाऱ्या प्राण्यात शोधलं जात होतं.

आता डे. ते पीएच.डी.साठी लंडनला गेले, युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटल मेडिकल स्कूलमध्ये रॉय कॅमेरॉन यांच्याकडे. तिथे कॉलरा नव्हता. १९४९ मध्ये कॅमेरॉन आणि डे या जोडीचा जो पेपर आला तो प्रायोगिक पल्मनरी एडिमावर होता, म्हणजे फुफ्फुसात पाणी साठण्यावर. त्याच वर्षी पदवी घेऊन डे कलकत्त्याला परतले.

मला या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच वाटतो, आणि डे यांच्याबद्दल सांगताना तो सहसा एका वाक्यात उरकला जातो. विषय बदलला, पण प्रश्न बदलला का? फुफ्फुसात पाणी कसं येतं, हे बघायला शिकलेला माणूस कॉलऱ्याच्या वॉर्डात उभा राहिला तर त्याला काय दिसेल? आतड्यात पाणी कसं येतं, हेच. सुरुवातीला त्यांनी कॉलऱ्याने मेलेल्या रुग्णांच्या किडनीतले बदल तपासले, पण लवकरच ते आतड्याकडे वळले. १९५३ च्या पेपरच्या शीर्षकातच कॉलऱ्याचा जंतू आतड्याच्या अस्तरावर कसं काम करतो, हा प्रश्न आहे. जंतू माणसाला कसा मारतो, हा नाही.

हा पेपर त्यांनी डी. एन. चॅटर्जी यांच्याबरोबर लिहिला. पद्धत अशी: सशाला भूल द्यायची, पोट उघडायचं, लहान आतड्याचा थोडा भाग दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधायचा, म्हणजे बंद नळी तयार होते. तिच्यात कॉलऱ्याच्या जंतूंचं कल्चर सुईने सोडायचं. शेजारच्या दुसऱ्या बांधलेल्या भागात नुसतं जंतू नसलेलं माध्यम. पोट शिवून टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. जंतूवाली नळी पाण्याने टम्म फुगलेली असते, कंट्रोल चपटीच. ही इलियल लूप पद्धत. साधन म्हणावं तर दोरा, सुई आणि ससा! असाच प्रयोग व्हिओल आणि क्रेंदिरोपुलो यांनी १९१५ मध्ये केला होता, पण त्याचा पाठपुरावा झाला नाही. कल्पना पहिल्यांदा कोणाला सुचली यावर वाद घालायला मला फारसा रस नाही. डे यांच्या हातात ती वापरात आली, एवढं पुरे.

कारण एकदा लूप हातात आल्यावर ते तिला प्रश्न विचारत राहिले. १९५६ मध्ये जुलाबाच्या रुग्णांमधून मिळालेले ई. कोलायचे काही स्ट्रेन त्यांनी लूपमध्ये सोडले, तिथेही पाणी साठलं. तेव्हा ई. कोलाय म्हणजे आतड्यातला गरीब रहिवासी असाच साधारण समज होता. आज आपण ज्याला ईटेक म्हणतो, त्या गटाकडे जाणारी ही सुरुवातीची पायवाट.

मग आला १९५९ चा ‘नेचर’मधला पेपर. लेखक एकटे डे. या वेळी त्यांनी लूपमध्ये जंतू सोडलेच नाहीत. कल्चरमधून जंतू काढून टाकले आणि उरलेलं द्रव सोडलं. लूप फुगली. म्हणजे विष जंतू फुटून नाही, तर बाहेर स्रवून येतं. एंडोटॉक्सिन नव्हे, एंटेरोटॉक्सिन.

त्याच वर्षी मुंबईतही हाच प्रश्न चालू होता. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये एन. के. दत्ता यांनी हब्बूंबरोबर १९५५ मध्येच सशाच्या पिल्लांमध्ये कॉलरा घडवण्याची पद्धत बसवली होती, आणि ती मुख्यतः औषधं तपासायला. १९५९ मध्ये दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी जंतूंचा लायसेट, म्हणजे फोडलेल्या जंतूंचा अर्क, पिल्लांना देऊन जुलाब घडवले. काम भक्कम होतं. पण जंतू फोडूनच घेतले की विष आतून आलं की बाहेर सोडलेलं होतं, हे त्या प्रयोगातून सुटं करता येत नाही. डे यांनी गाळलेल्या द्रवातून ते सुटं झालं. दोघांचाही ‘इंटरेस्ट’ कागदावर सारखाच दिसेल: एक्स्परिमेंटल कॉलरा. पण एकाला औषध तपासायला प्राणी हवा होता, दुसऱ्याला पाणी कुठून येतं हे बघायचं होतं.

पुढचं थोडक्यात. १९६९ मध्ये डॅलसला फिंकेलस्टाइन आणि लोस्पालुटो यांनी विष शुद्ध केलं. मग कळलं की ते पेशीतल्या एका जी-प्रोटीनला ‘चालू’ अवस्थेत अडकवतं, सायक्लिक एएमपी वाढतो, क्लोराइड बाहेर पडतं आणि मागोमाग पाणी. ग्लुकोजबरोबर सोडियम आत घेणारा रस्ता मात्र शाबूत राहतो, म्हणून तर साखर-मीठ-पाण्याने रुग्ण वाचतो. याच विषाचा बी-सबयुनिट आज न्यूरोसायन्सवाले चेतापेशींचे मार्ग रंगवायला वापरतात.

मान्यतेचं विचाराल तर ती बेताची. डे १९७३ मध्ये निवृत्त झाले. देशातल्या कुठल्याही विज्ञान अकादमीने त्यांना फेलो केलं नाही. १९७८ मध्ये स्टॉकहोमच्या नोबेल सिम्पोझियमचं बोलावणं आलं, तेव्हा इथल्या बऱ्याच जणांना हे नाव नव्याने कळलं. १९८५ मध्ये ते गेले. सायटेशन इंडेक्सचे जनक युजीन गारफील्ड यांनी त्यांच्यावर लिहिलं ते १९८६ मध्ये.

१९५९ चा पेपर दोन पानांत मावतो. पण वाचणार असाल तर १९५३ चा आधी वाचा, आणि आकड्यांकडे जायच्या आधी प्रत्येक प्रयोगात कंट्रोल लूपमध्ये काय सोडलंय ते बघा.