अंड्याच्या वजनाचे पूर्वानुमान : नोंदवहीपासून डेटा मायनिंगपर्यंत

प्रस्तावना :
अंड्याचे वजन हा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु उबवणुकीसाठी अंडी निवडताना फार लहान व फार मोठी अंडी वगळावी लागतात. तराजू असताना पूर्वानुमान कशासाठी, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. अंड्याच्या कवचातील सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ निघून जाते व वजन दररोज घटते. लांबी-रुंदी मात्र बदलत नाही. मुक्तसंचार पद्धतीत अंडे कोणत्या कोंबडीने, कधी घातले हे बहुधा ठाऊक नसते. अशा वेळी मोजमापांवरूनच ताज्या वजनाचा अंदाज करावा लागतो. प्रस्तुत निबंधात या विचाराच्या इतिहासातील काही टप्प्यांचा आढावा घेतला आहे.

नोंदवहीचा काळ :
अमेरिकेतील मेन राज्याच्या कृषी प्रयोग केंद्रात १८९८ मध्ये गोवेल यांनी बार्ड प्लायमाउथ रॉक जातीच्या कोंबड्यांवर निवडीचा प्रयोग सुरू केला. कोंबडी आत शिरताच दार बंद होणाऱ्या पेट्यांमुळे प्रत्येकीच्या अंड्यांची स्वतंत्र नोंद होऊ लागली. वर्षाला १६० किंवा अधिक अंडी देणाऱ्या कोंबड्याच पैदाशीसाठी ठेवल्या जात. १९०७ मध्ये केंद्रात आलेले रेमंड पर्ल यांनी फ्रँक सरफेस यांच्यासह या नोंदी तपासल्या, तेव्हा सरासरी उत्पादन वाढलेच नसल्याचे दिसून आले. कोंबडीची स्वतःची कामगिरी आणि तिच्या संततीत उतरणारा गुण या दोन भिन्न बाबी आहेत, हे त्यातून उघड झाले. हा प्रयोग अंड्यांच्या संख्येचा होता. तथापि त्याचा धडा वजनालाही लागू पडतो.

सूत्र आणि वृक्ष :
१९७९ मध्ये हॉयट यांनी पक्ष्यांच्या अंड्यांसाठी सोपे सूत्र मांडले : लांबी गुणिले रुंदीचा वर्ग गुणिले ०.५१ म्हणजे घनफळ. ५.७ सें.मी. लांब व ४.३ सें.मी. रुंद अंड्याचे घनफळ यानुसार सुमारे ५४ घन सें.मी. आणि ताजे वजन सुमारे ५८ ग्रॅम येते. पुढे १९८४ मध्ये ब्रायमन, फ्रीडमन, ओल्शेन व स्टोन यांच्या ग्रंथाने ‘वर्गीकरण व प्रतिगमन वृक्ष’ ही पद्धती रूढ केली. यात संगणक अंड्यांचे गट रुंदी, लांबी, कोंबडीचे वय अशा घटकांनुसार पुनःपुन्हा विभागतो आणि प्रत्येक अंतिम गटाचे सरासरी वजन हेच त्याचे पूर्वानुमान ठरते. डेटा मायनिंगमध्ये ही पद्धती आज सर्रास वापरली जाते.

निष्कर्ष :
साधने बदलली, तरी मेनमधील प्रश्न कायम आहे. वृक्ष घडविताना ताजी व शिळी अंडी एकत्र तोलली गेली, तर संगणक ती चूक निमूटपणे शिकतो. पिंजऱ्यातील कळपावर बेतलेला वृक्ष आपल्याकडील परसबागेतील गावरान कोंबड्यांना जसाच्या तसा लावणेही धोक्याचे ठरेल. चुकीच्या अंदाजाचे नुकसान ती कोंबडी पाळणाऱ्या कुटुंबालाच सोसावे लागेल. म्हणून अंडे घातल्याच्या दिवशीच तोलून, तारखेसह केलेली नोंद हाच कोणत्याही पूर्वानुमानाचा खरा पाया होय. विपुल नोंदी म्हणजे ज्ञान नव्हे, हेच या इतिहासाचे सार म्हणता येईल.