आवाज फुटेपर्यंत

गोंदिया स्टेशन, साल १९१४. तुमचे वय बारा, म्हणून आता अहोजाहो बंद. या वयाच्या पोराला इथे कोणी 'तुम्ही' म्हणत नाही.

फुलचूरहून बापाबरोबर पहाटेच निघालास. वाट थोडीच, पण पाय दुखतात, कारण रात्रभर झोप नाही. बंगाल-नागपूर रेल्वेच्या गाडीची वाट बघत तू गठुड्यावर बसला आहेस. गेल्या मंडईच्या जत्रेत, दंडारीच्या लोकनाट्यात लुगडे नेसून तू नाचलास, गायलास, आणि कोणीतरी बापाला म्हणाले, "पोराचा गरा गोड हाय, नाटकवाल्याइले दाखव." नाटकवाल्यांचा मुक्काम सध्या नागपुरात आहे.

गोंदिया अजून भंडारा जिल्ह्यात मोडते. आमगावाजवळचे पदमपूर म्हणजे भवभूतीचे पद्मपूर, असे पुढे मिराशींसारखे पंडित सांगतील. नटमंडळींशी आपली जात्याच मैत्री आहे, हे ज्याच्या नाटकाच्या प्रस्तावनेत अभिमानाने सांगितले आहे, तोच हा भवभूती. तुला याचा पत्ता नाही. तुझ्या आजीच्या मते नाटकात गेलेले पोर घरातून गेले.

मंडळीचे नाव काहीही धर. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' उभे केल्यापासून त्या घडीवरच्या कितीतरी मंडळ्या निघाल्या, काही मोडल्या, काहींतून आणखी दोन फुटल्या. मुक्कामाच्या गावी एक वाडा भाड्याने घ्यायचा आणि त्यात मालकापासून पाणक्यापर्यंत सगळ्यांनी एकत्र राहायचे. याला बिऱ्हाड म्हणतात. तू अंगणात पाय ठेवतोस तेव्हा पंगत उठत असते.

"म्हण काहीतरी."

तू दंडारीतले म्हणतोस. पेटीवाला बोटे सरकवत पट्टी चढवत नेतो, आणखी वर, आणखी वर. तू कुठे अडखळतोस, त्याकडे सगळ्यांचे कान. मग तुझे मनगट बघतात, दात बघतात, उजेडात हनुवटी फिरवतात. मालक बापाशी उगीचच पिकापाण्याच्या गप्पा मारतो. बापाचा आवाज किती जाड आहे हे त्याला ऐकायचे असते. बापाचे आज ते पोराचे उद्या!

मग कागद येतो. मंडळी जेवू घालील, कपडे देईल, विद्या शिकवील. मुदत भरेपर्यंत पोराने दुसऱ्या मंडळीत जायचे नाही. बाप अंगठा उठवतो. त्याच आठवड्यात तुला सखीचे काम मिळते ते देवलांच्या 'शारदा'त. पैशांसाठी कोवळी पोर म्हाताऱ्याला देऊ निघालेल्या बापाचे हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले आणि त्याने महाराष्ट्राला रडवले. शारदेचे काम करणारा पोरगाही असाच कागदावर आलेला असे, हे प्रेक्षकांत किती जणांच्या ध्यानात येत होते कोण जाणे.

तालीम सुरू होते ती गळ्यापासून नव्हे, जिभेपासून. झाडीपट्टीच्या, म्हणजे या पूर्व विदर्भातल्या, तुझ्या तोंडात ण नाही, ळ नाही. तू 'पानी' म्हणतोस, 'डोरा' म्हणतोस. तालीम मास्तर म्हणतात, "डोळा." तू म्हणतोस, "डोरा." पाठीत रट्टा. "कमळ, डोळे, बाळ, पाणी, कोण, प्राण." पुन्हा रट्टा. महिनाभराने तुझा ळ पुण्याच्या पोरासारखा गोल होतो. सुट्टीत घरी जाशील तेव्हा आई हसेल, आणि मग गप्प होईल.

पहाटे खर्ज. अंधारात सगळी पोरे ओळीने बसून खालचा सा लावतात, श्वास सुटेपर्यंत धरतात. त्यानंतर नमस्कार, आंघोळ, आणि नक्कल. नक्कल म्हणजे तुझ्या वाट्याची भाषणे उतरवून दिलेली वही. सगळे नाटक तुझ्या हाती कोणी देत नाही. तुझ्याआधी कोण काय बोलतो त्याची शेवटची अक्षरे तेवढी पाठ. ती कानी पडली की तू सुरू. गोष्ट काय आहे हे तुला विंगेतून बघून बघून, पाचव्या-सहाव्या खेळाला कळते.

दुपारी लुगडे. स्त्रीपार्टीच्या पोराने ते तासन्‌तास अंगावर ठेवायचे. नेसणे दोन दिवसांत येते, चालणे वर्षभर येत नाही. बांध्यांतून धावलेले तुझे पाऊल लांब पडते, ते आखडायचे. बसताना आधी निऱ्या सावरायच्या, मग गुडघा. पदराला हात लावायचा तर लावल्यासारखा दिसू द्यायचा नाही. मास्तर वाक्य शिकवत नाहीत, वाक्यानंतरचे थांबणे शिकवतात. हे शिक्षण खरोखर बारीक आहे, आणि त्याला तोड नाही, हे मारासकट कबूल करायला हवे. गाण्याचे तर काय सांगावे. याच काळात भास्करबुवा बखल्यांसारखा घराण्याचा गवई नाटकातल्या पोरांना तालीम देतो. बालगंधर्व त्यांच्याकडे शिकले, मास्टर कृष्णराव त्यांच्याकडे शिकले. फुलचूरच्या कुडाच्या घरात बसून असा गुरू सात जन्मांत मिळाला नसता.

रात्री रंगपटात तोंडाला सफेदा, गालाला हिंगूळ. नांदीला तू मागच्या रांगेत. खेळ मध्यरात्र उलटून जातो. दोन प्रवेशांच्या मधे तू गुंडाळलेल्या पडद्यावर लुगड्यातच झोपतोस, आणि कोणीतरी पायाने ढोसून उठवतो.

इथून एक उडी घे, थेट पेकिंगला. साल तेच. पुढे फू-ल्येन-छंग या नावाने गाजलेली तिथली नाट्यशाळा १९०४ साली निघाली आहे. तिथेही बापाचा कागद, मुदत सात वर्षांची. शिकताना पोर मेले किंवा जायबंदी झाले तर शाळा जबाबदार नाही, असे त्यात सरळ लिहिलेले. तुकडीतल्या सगळ्या मुलांच्या नावात एकच अक्षर घालतात, म्हणजे मोठेपणीही कोण कुठल्या तुकडीचा ते नावावरून कळावे. पहाटे आवाज, मग उलटे उभे राहणे, कोलांट्या. स्त्रीभूमिकेच्या पोरांना बांधलेल्या पावलांची चाल यावी म्हणून पायाखाली लाकडी खोटी पावले. एक चुकला तर सगळ्या तुकडीला छड्या. पण तिथे निदान ती शाळा होती. पुरुष, स्त्री, रंगवलेल्या चेहऱ्याचा वीर, विदूषक, असे भूमिकांचे वाटे ठरलेले. पोराचा पिंड बघून त्याला एका वाट्यात घालायचे. १९४८ साली ती बंद पडेपर्यंत कित्येक शे नट तिथून बाहेर पडले. आपल्याकडे मंडळीच शाळा, मंडळीच दुकान. आणि दुकान बसले की शाळाही बसली.

परत बिऱ्हाडी ये. तुला पंधरावे लागले आहे. तू आता मागच्या रांगेत नाहीस, 'सौभद्रा'त तुला नाव असलेली भूमिका आहे. एका रात्री पदाच्या मधोमध तार सप्तकात जाताना गळा फाटतो. बाहेर कोणी हसते. विंगेत मालक पेटीवाल्याकडे बघतो.

सगळ्या मंडळ्यांना या एका गोष्टीची धास्ती असते. भाऊराव कोल्हटकरांसारखा गळा असलेला माणूसही पुढे स्त्रीभूमिका सोडून पुरुषपात्रांकडे वळला. केशवराव भोसले अगदी लहानपणी स्वदेशहितचिंतक मंडळीत आले, बालवयात शारदा करून नावारूपाला आले, आणि १९०८ साली अठराव्या वर्षाच्या आतच त्यांनी स्वतःची ललितकलादर्श काढली. ती हिंमत प्रत्येकात नसते. कुंदगोळच्या रामभाऊंचा आवाज वयात येताना बिघडला. अब्दुल करीम खाँसाहेबांपाशी वर्षानुवर्षे बसून त्यांनी तो पुन्हा कमावला, आणि तेच सवाई गंधर्व झाले. १९०५ साली मिरजेत शकुंतला म्हणून उभे राहिलेले नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, तर उतारवयापर्यंत नायिकाच राहिले. पण असा एकच झाला. तुझ्या वयाचा दीनानाथ मंगेशकर याच १९१४ साली किर्लोस्कर मंडळीत शिरला आहे आणि चार वर्षांत बळवंत संगीत मंडळी उभी करील. तो सुटला. इतरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

त्या इतरांत तू आहेस. मंडळी तुला हाकलत नाही, एवढी माया असते. तुला डोअरकीपर करतात, मग पडदे ओढायला लावतात, मग वही घेऊन विंगेत बसवतात. पाठांतर पक्के असल्यामुळे प्रॉम्प्टिंग तुला छान जमते. तुझ्या जागी आलेल्या नव्या पोराला तू त्याची भाषणे पुरवतोस. अक्षरओळख तुला नकलेपुरतीच झालेली, हिशेब येत नाही, शेती विसरलास, आणि ण-ळ आल्यापासून गावचे लोक तुला परका समजतात.

पुढचे झटपट उरकू. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा चित्रपट मराठीत बोलू लागतो. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे रंगमंचावर येतात, आणि स्त्रीपार्टीच्या पोरांची गरज हळूहळू संपत जाते. दामूअण्णा जोशींची बालमोहन मुलांना घेऊन उभी राहते. तीतला सौदागर गोरे पुढे छोटा गंधर्व होतो, पण तोही शेवटच्या काही जणांपैकी. चिंतामणराव कोल्हटकर 'बहुरूपी' लिहितात म्हणून मंडळ्यांचे आतले आयुष्य आपल्याला एवढे तरी कळते. झाडीपट्टीत मात्र नाटक मेले नाही. वडशाच्या मंडळ्या आजही दिवाळीनंतर रात्र-रात्र खेळ करतात, स्त्रीभूमिका बायकाच करतात, आणि गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तीही याच रंगभूमीसाठी.

आता पुन्हा अहोजाहो. लहान पोरांच्या गळ्याला गिऱ्हाईक अजून आहे. फक्त बिऱ्हाडाच्या जागी टीव्हीचा स्टुडिओ आला आणि अंगठ्याच्या जागी सही. तुमच्या घरातला गळा मागायला कोणी आले तर हौसेने पाठवा, शिक्षण चांगले असेल तर मुळीच अडवू नका. पण सही करण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून मागा: शाळा कोण बघणार, आणि आवाज फुटल्यावर पोराचे काय.