सिनेमाची फिल्म भरलेला रोल लॅबमध्ये पाठवताय? आधी डबीत काय आहे ते बघा

फिल्म कॅमेऱ्यांचे दिवस परत आलेत. आजोबांच्या कपाटातला याशिका बाहेर निघतो, सेल बदलले की चालूही होतो, आणि मग नव्या कलर रोलची किंमत ऐकून माणूस गप्प बसतो. अशा वेळी कुणीतरी सुचवतं, 'सिनेमाची फिल्म भरलेला रोल घे. स्वस्त पडतो आणि फोटो पिक्चरसारखे येतात.'

सल्ला चुकीचा नाही. फोटो काढताना काही अडचणही येत नाही. ती येते रोल धुवायला लॅबमध्ये गेल्यावर, आणि तिचा फटका ज्यांचा यात काही संबंध नाही अशा लोकांनाही बसू शकतो.

ही फिल्म येते कुठून?

३५ मिलिमीटरची फिल्म मुळात सिनेमासाठीच होती. १९२५ साली बाजारात आलेला लायका कॅमेरा तिच्यावरच चालायचा, म्हणजे आपला फोटोचा रोल हा सिनेमाचाच धाकटा भाऊ. शूटिंगची रिळं ४०० किंवा १००० फुटांची असतात. हजार फूट फिल्म जेमतेम ११ मिनिटं चालते. रिळात थोडी फिल्म उरली आणि पुढचा शॉट तेवढ्यात मावणार नसेल, तर ती कापून बाजूला ठेवतात. या तुकड्याला 'शॉर्ट एंड' म्हणतात. मुंबईसारख्या सिनेमाच्या शहरात असे तुकडे फोटोग्राफरांच्या हाती लागणं ही जुनी गोष्ट आहे. १०० फुटांत ३६ फोटोंचे १८ रोल निघतात, ४०० फुटी डब्यात सत्तरच्या आसपास. अंधारात किंवा बल्क लोडर नावाच्या यंत्रातून ही फिल्म रिकाम्या डब्यांमध्ये भरायची, झालं काम.

घरच्या घरी अंधारात फिल्म हाताळणं महाराष्ट्राला नवीन नाही. दादासाहेब फाळके १९१२-१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' करत होते तेव्हा कच्ची फिल्म कडेच्या भोकांशिवाय यायची. ती भोकं पाडण्याचं आणि फिल्म धुण्याचं काम सरस्वतीबाईंनी घरातच केलं. पण त्यांच्या हौदात फक्त त्यांचीच फिल्म होती. आजच्या लॅबचं तसं नाही.

पाठीवरचा काळा थर

शूटिंगच्या कलर निगेटिव्हच्या पाठीवर काजळीसारख्या बारीक कार्बनचा काळा थर असतो. त्याचं नाव रेमजेट. सिनेमाच्या कॅमेऱ्यात सेकंदाला २४ फ्रेम या वेगानं फिल्म धावते. त्या घर्षणानं वीज साठू नये, ओरखडे पडू नयेत, फिल्म सुरळीत सरकावी आणि जोरदार प्रकाश पाठीवर आपटून परत फिरू नये, एवढी कामं हा थर करतो. सिनेमाच्या लॅबमध्ये फिल्म धुण्याची पद्धत ईसीएन-२ नावाची. तिच्यात आधी फिल्म खास द्रावणात बुडवून हा थर मऊ करतात, पाण्याच्या फवाऱ्यानं काढून टाकतात, आणि मगच डेव्हलपरमध्ये सोडतात.

फोटो लॅबमधली पद्धत सी-४१. तिच्यात पहिलाच हौद डेव्हलपरचा, ३७.८ अंशांचा, फिल्म आत राहते सव्वातीन मिनिटं. थर काढायची पायरीच नाही, कारण साध्या रोलला थरच नसतो. डेव्हलपर अल्कधर्मी असतो आणि रेमजेट नेमका अल्कधर्मी द्रावणात सुटतो. त्यामुळे काजळी थेट हौदात उतरते, रोलर्सना चिकटते, फिल्टरमध्ये जाते आणि मागून येणाऱ्या प्रत्येक रोलवर काळे ठिपके सोडत राहते.

लॅबवाला हौदातलं केमिकल रोज बदलत नाही. त्यात थोडी थोडी भर घालून तेच चालवतो. एक चुकीचा रोल गेला की मशीन थांबवायचं, हौद रिकामे करायचे, रोलर्स एकेक करून घासायचे. तोपर्यंत मधल्या रोलांचं जे व्हायचं ते झालेलं असतं. त्यात कुणाच्या लग्नाचा रोल असेल, किंवा वडील गेल्यावर कपाटात सापडलेला, वीस वर्षं न धुतलेला एखादा. ते फोटो पुन्हा काढता येत नाहीत.

तुमचा रोलही धड राहत नाही. ईसीएन-२ चं रसायन आणि तापमान वेगळं असल्यानं सी-४१ मध्ये धुतलेल्या सिनेमा फिल्मचा कॉन्ट्रास्ट चढतो, रंग सरकतात, वर काजळीचे डाग.

डबी खोटं बोलते

लॅबवाला हे ओळखत नाही का? इथंच गोम आहे. भरलेले रोल बऱ्याचदा जुन्याच डब्यांत येतात. डबीवर साध्या कलर रोलचं लेबल, आत सिनेमाची फिल्म. समजा तुम्ही धुळे-सोलापूर महामार्गावरच्या वडीगोद्रीत, अंबड तालुक्यात राहता. रोल धुवायला पुण्या-मुंबईला कुरिअर करणार. काउंटरवर उभं राहून 'भाऊ, जरा बघून घ्या' म्हणायची सोय नाही. डबीवर जे छापलंय तेच लॅबवाला खरं मानणार.

भरण्याच्या पद्धतीचेही धोके आहेत. फिल्मचं टोक साध्या चिकटपट्टीनं जोडलेलं असेल तर ती गरम हौदात सुटते आणि फिल्म मशीनमध्ये अडकते. चाळीस-बेचाळीस फोटो बसावेत म्हणून जास्त फिल्म कोंबली, तर हातानं धुतानाच्या रिळावर ती मावत नाही. आणि शेवटचे एक-दोन फोटो बहुधा जातातच, कारण टोक चिकटवताना तेवढ्या भागाला उजेड लागलेला असतो.

ओळखायचं कसं? बाहेर आलेल्या टोकाची पाठ बघा. काळीभोर, मंद असेल तर संशय घ्या. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं बोट ओलं करून पाठीवर घासा. बोट काळं झालं की रेमजेट आहे.

अमेरिकेत सिएटल फिल्मवर्क्स कंपनीनं कोडॅकची सिनेमा फिल्म रोलमध्ये भरून घरोघरी विकली होती, तेव्हा इतर लॅब ते रोल घ्यायला तयार नसत. सिनेस्टिल कंपनी आधीच काळा थर काढून फिल्म विकू लागली, म्हणून तिचे रोल सी-४१ मध्ये चालतात. दिव्यांभोवती लाल वलय येतं ते थर नसल्यामुळेच. २०२५ मध्ये कोडॅकनं व्हिजन-३ फिल्म रेमजेटशिवाय आणली, पण जुना साठा बाजारात फिरतोच आहे.

कृष्णधवल सिनेमा फिल्मचं गणित निराळं. कोडॅकच्या डबल-एक्सला रेमजेट नसतो, साध्या ब्लॅक अँड व्हाइट केमिकलमध्ये ती छान धुतली जाते. मात्र चुकून सी-४१ मध्ये गेली तर ब्लीच चित्रातली सगळी चांदी काढून टाकतं आणि हाती कोरी पारदर्शक पट्टी येते.

तेव्हा रोल पाठवण्याआधी लॅबला फोन करून ईसीएन-२ करता का, हे विचारा. हो म्हणाले तर डबीवरचं जुनं लेबल झाकून ठळक लिहा: सिनेमा फिल्म, रेमजेट आहे, सी-४१ करू नये, फिल्मचा नंबर आणि किती फोटो. तीच चिठ्ठी पाकिटातही टाका. विक्रेत्याला फिल्मचा नंबर सांगता येत नसेल, तर तो रोल घेऊच नका. आणि 'रेमजेट असला तरी चालतो, टाका' असं सांगणारी लॅब भेटली, तर तिथं आपले साधे रोलही देऊ नयेत.