मुलांची टेकडी



शहरांतील मुलांना खेळावयास काय द्यावें, हा प्रश्न निघाला कीं झोका, घसरगुंडी आणि चेंडू आपल्या डोळ्यांपुढें येतात. मातीचा ढीग मात्र कोणास आठवत नाहीं. घराचें बांधकाम चाललें असतां दारांत वाळू येऊन पडली, तर शेजारपाजारचीं मुलें प्रथम तिच्यावर चढतात आणि वडील माणसें प्रथम त्यांना हांकलतात. या झगड्याला मोठा इतिहास आहे. तोच आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

अमेरिकेंतील बोस्टन शहरांत १८८५ सालीं पार्मेंटर रस्त्यावरील एका प्रार्थनामंदिराच्या आवारांत मुलांसाठीं वाळूचा ढीग टाकण्यांत आला. ही सूचना डॉ. मेरी झाक्रशेव्स्का या बाईंची. बर्लिनच्या सार्वजनिक उद्यानांतील असे ढीग त्यांच्या पाहण्यांत आले होते. अमेरिकेंतील बालक्रीडांगणांच्या चळवळीचा उगम पुष्कळ जण या ढिगापाशींच मानतात.

या ढिगाची टेकडी करण्याचें स्वप्न पाहिलें तें इसामु नोगुची यानें. बाप जपानी कवि, आई अमेरिकन, आणि स्वतः शिल्पकार. न्यूयॉर्कमध्यें चार रस्त्यांच्या मधला एक सबंध भूखंड घ्यावा आणि त्याचीच टेकडी करावी, असा आराखडा त्यानें १९३३ सालीं केला. चढावयास पायर्‍या, हिवाळ्यांत बर्फावरून घसरण्यास उतार, उन्हाळ्यासाठीं पाण्याची घसरगुंडी; टेकडीच्या पोटांतील जागाहि उपयोगांत आणावयाची. शहराच्या उद्यानखात्याचे प्रमुख रॉबर्ट मोझेस यांजपुढें नमुना गेला, तेव्हां त्यांनीं तो हंसण्यावारी नेला, असें नोगुचीनें पुढें सांगितलें आहे.

त्याच्या खेळाच्या साधनांवरून मुलें पडतील असाहि आक्षेप आला. तेव्हां १९४१ सालीं त्यानें नुसत्या उंचसखल जमिनीचें क्रीडांगण रेखाटलें. जीवरून पडावें अशी वस्तूच त्यांत नव्हती. चढतां-उतरतां व्यायाम आपोआप व्हावयाचा. तें महायुद्धामुळें राहून गेलें. पुढें १९६१ पासून लुई कान यांच्यासह त्यानें रिव्हरसाइड उद्यानासाठीं आराखड्यांमागून आराखडे केले. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेची इमारत रचणारे वास्तुशिल्पज्ञ ते हेच कान. आसपासच्या रहिवाशांनीं विरोध केला आणि १९६६ सालीं तीहि योजना बारगळली. नकार देणारीं माणसें सुशिक्षित होतीं, शहराचें हित पाहणारीं होतीं. मुलांच्या पायांना चढ हवा असतो, एवढेंच त्यांच्या ध्यानीं आलें नाहीं.

अखेर १९८८ सालीं जपानांतील साप्पोरो शहरानें त्याला बोलाविलें. मोएरेनुमा येथें शहराचा कचरा पुरण्याची जागा होती. तेथें उद्यान करावयाचें होतें. नोगुचीनें आराखडा दिला, आणि त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला, वयाच्या ८४ व्या वर्षीं, तो वारला. सहकार्‍यांनीं काम नेटानें पुरें केलें. २००५ सालीं तें उद्यान पूर्णपणें खुलें झालें. त्यांत सुमारें ३० मीटर उंचीची ‘खेळण्याची टेकडी’ उभी आहे. कल्पनेपासून पूर्तीपर्यंत ७२ वर्षें लोटलीं.

आपल्याकडे दिवाळींत मुलें अंगणांत दगडविटा, गोणपाट व चिखल यांचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, मावळे मांडतात. मातीची ही हौस आपण वर्षांतून चार दिवस कौतुकानें पाहतों. ज्यांच्या घरामागें बाग आहे, त्यांनीं ती बारा महिने चालूं द्यावी. ३ फूट उंचीची टेकडी पुरे. चोहोंकडून उतार उंचीच्या तिप्पट ठेवावा, म्हणजे तळ १८ फुटांचा होतो. मुरुमाचे वीतवीत थर पसरून, पाणी मारून, धुमसानें ठोकावे. वर तांबडी माती घालून हरळी लावावी. काळी माती नको. ती उन्हांत भेगाळते आणि पावसांत फुगते. टेकडी कुंपणाच्या भिंतीला टेकवूं नये, आणि एक पावसाळा तिला बसूं द्यावें. ज्यांना बाग नाहीं अशा चार बिर्‍हाडांनीं मिळून सामाईक आवाराचा एक कोपरा यासाठीं सोडावा.

हरळी पायांखालीं झिजेल, कपडे मळतील. हरळी पुन्हां लावतां येते, कपडे धुतां येतात. मुलाचें चढण्याचें वय मात्र सातआठ वर्षांचेंच असतें. ७२ वर्षें थांबण्यास त्याला सवड नाहीं.