टपालाच्या थैलीतून आलेले कलम

फसवणूक करणे हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मुळात केंद्र सरकारने दखल घ्यावी असा गुन्हाच नव्हता. चोरी, खून, दरोडा, ठकबाजी यांचा बंदोबस्त करण्याचा अखत्यार राज्यघटनेने ज्या त्या राज्याकडे राहू दिला होता, आणि मध्यवर्ती सत्तेच्या वाट्याला नाणी, जकात, टपाल, आंतरराज्य व्यापार अशी मोजकीच प्रकरणे आली होती. त्यामुळे ज्याला तेथे ‘फेडरल’, म्हणजे संघीय, आरोप म्हणतात आणि ज्याच्या नुसत्या उच्चाराने न्यू यॉर्कमधल्या पेढीवाल्यांचे धाबे दणाणते, त्या आरोपाची कुळी शोधीत मागे गेल्यास ती कोणा न्यायपंडिताच्या ग्रंथापाशी न पोचता टपालखात्याच्या थैलीपाशी पोचते.

१८६५ साली यादवी युद्ध संपले, आगगाडीचे रूळ पश्चिमेकडे धावू लागले, आणि शहरी ठकांची छापील परिपत्रकेही टपालाने खेडोपाडी जाऊ लागली. कोणी बोगस सोडतीची तिकिटे खपवी, तर कोणी ‘हिरवे चिरूट’ स्वस्तात देऊ करी. हे चिरूट म्हणजे बनावट नोटा. परिपत्रक वाचून लोभावलेला शेतकरी शहरात येई. त्याला खऱ्याच नोटांची चवड दाखवून, बनावट माल किती बेमालूम उतरला आहे याची खात्री पटवली जाई. सौदा ठरून पैसे दिले जात, आणि मधल्यामध्ये थैलीची अदलाबदल होऊन घरी पोचल्यावर तिच्यातून लाकडाचा भुसा निघे. फिर्याद करायची ती कोणत्या तोंडाने? तो स्वतःच खोटे चलन विकत घ्यायला गेलेला! ज्या बापड्याचे मन स्वच्छ असे, त्याचाही ठक परराज्यात बसलेला असल्याने स्थानिक पोलिसांचा हात तेथवर पोचत नसे.

८ जून १८७२ रोजी टपालविषयक कायद्यांची जी एकत्र जुळणी झाली, तिच्या ३०१ व्या कलमात या दुखण्यावर उतारा सापडतो. फसवणुकीवर अधिकार नसला तरी टपालावर आहे, हे ओळखून मसुदा करणाऱ्यांनी गुन्ह्याची व्याख्याच अशी बांधली, की फसवणुकीची योजना आखून तिच्या सिद्धीसाठी टपालात पत्र टाकणे हाच अपराध ठरावा. शिक्षा जास्तीत जास्त अठरा महिने कैद आणि पाचशे डॉलर दंड. या बांधणीचा परिणाम मात्र दूरगामी झाला. योजना सफल झाली पाहिजे असे नाही, कोणाचा एक छदाम बुडाला पाहिजे असेही नाही, आणि प्रत्येक पत्र हा स्वतंत्र आरोप. १८८९ च्या दुरुस्तीने तर ती भुशाची ठकबाजी आणि ते हिरवे चिरूट यांना नावानिशी कायद्यात बसवले. विधिमंडळाच्या गंभीर भाषेत चिरुटाला मिळालेली ही जागा मला फार आवडते.

पुढे १८९६ मध्ये ड्युरलँड नावाच्या रोखेविक्याच्या खटल्यात असा बचाव मांडला गेला, की मी केवळ भविष्याविषयी वचन दिले, आणि जे अजून घडलेच नाही त्याविषयी बोललेले खोटे कसे ठरेल? जुन्या इंग्रजी कायद्यात या युक्तिवादाला वजन होते. पण वचन पाळण्याचा इरादा मुळातच नसेल तर ते वचन हीच लबाडी होय, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. बॉस्टनच्या चार्ल्स पाँझीला १९२० मध्ये याच टपाली कलमाने गाठले. पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफ्याचे आमिष दाखवणाऱ्या त्या गृहस्थावर एकूण ८६ आरोप ठेवले गेले, आणि त्यांपैकी एकाच आरोपाचा कबुलीजबाब देऊन त्याने पाच वर्षांची शिक्षा पत्करली.

समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी १९३९ साली फिलाडेल्फियाच्या अध्यक्षीय भाषणात पांढरपेशा गुन्हेगारीला तिचे नाव दिले. नाव मिळण्यापूर्वीच हत्यार सदुसष्ट वर्षांचे झाले होते.

ते किती लांब पोचते याचा नमुना १९८९ च्या एका निकालात दिसतो. विस्कॉन्सिन राज्यातला एक व्यापारी जुन्या मोटारींचे अंतरमापक मागे फिरवून त्या चढ्या भावाने दुकानदारांना विकी. दुकानदार त्या गिऱ्हाइकांना विकत आणि मालकी हस्तांतराचा अर्ज परिवहन खात्याकडे टपालाने धाडीत. त्या अर्जांवर फिर्यादीची सारी भिस्त होती. व्यापाऱ्याने स्वतः त्यांतला एकही टपालात टाकलेला नव्हता. तथापि मालकी हस्तांतरित झाल्याखेरीज विक्री पुरी होत नाही, म्हणून ती पत्रे योजनेचाच भाग होत, असे पाच न्यायाधीशांनी म्हटले. चौघांना ते पटले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही पटत नाही. इतके सैल कलम शेवटी अभियोक्त्याच्या मर्जीवर चालते.

तरी या कलमाखाली फसवण्याचा हेतू सिद्ध करावाच लागतो, आणि प्रामाणिक समजुतीने केलेली चूक हा पुरा बचाव ठरतो. अन्न-औषधाच्या कायद्यात हा आडोसाही नाही. अ‍ॅक्मे नावाच्या किराणा कंपनीच्या बाल्टिमोर येथील वखारीत उंदीर आढळले, सरकारी खात्याने फिलाडेल्फियास बसलेल्या अध्यक्षांना पत्राने कळवले, पुन्हा तपासणी झाली तरी उंदीर होतेच. ‘हे काम मी लायक माणसांवर सोपवले होते’ अशी कैफियत अध्यक्षांनी दिली. परंतु दोष निवारण्याचा अधिकार ज्याच्या हाती, तो जबाबदार, असे म्हणून १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम केली. पाच आरोपांचे पन्नास-पन्नास मिळून दंड अवघा अडीचशे डॉलर. पण तेव्हापासून हा निकाल कंपन्यांच्या वकिलांना मुखोद्गत असतो.

टपाली कलमाला १९५२ साली तारायंत्र, दूरध्वनी आणि नभोवाणीसाठी धाकटे भावंड मिळाले, १९९४ मध्ये खाजगी कुरिअरही त्याच्या कक्षेत आले, आणि २००२ मध्ये दोन्ही कलमांची कमाल शिक्षा पाच वर्षांवरून वीस वर्षांवर गेली. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा तेथील तरुण अमेरिकन आयकर अधिकारी असल्याची बतावणी करून तिकडच्या लोकांना फोनवर धमकावीत असल्याचे उघड झाले. अशाच बतावणीसाठी अहमदाबादच्या कॉल सेंटरांवर आणि त्यांच्या अमेरिकेतील हस्तकांवर त्याच महिन्यात ह्यूस्टनच्या संघीय न्यायालयातले आरोपपत्र जाहीर झाले, आणि त्यात या धाकट्या कलमाखालच्या कटाचाही आरोप होता. जुलै २०१८ मध्ये त्यांतल्या २१ जणांना शिक्षा झाल्या. सर्वांत मोठी वीस वर्षांची.