विझलेल्या आकड्यांची आग

सायकलच्या मडगार्डला चिकटवायची चकाकती पट्टी आपण दुकानात ‘रेडियम’ म्हणूनच मागतो. श्रोतेहो, त्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो. समोरून आलेला उजेड ती परत फेकते, एवढंच. खरं रेडियम असायचं ते जुन्या घड्याळांच्या आकड्यांवर.

क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये रेडियम शोधलं. झिंक सल्फाइडमध्ये त्याचा अंश मिसळला की अंधारात हिरवट उजळणारा रंग तयार होई. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या घड्याळांसाठी त्याला मोठी मागणी आली. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी एका कारखान्यात तरुण मुली हे आकडे रंगवीत. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायचा, असं त्यांना शिकवलेलं होतं. दर वेळी थोडं रेडियम पोटात जाई आणि कॅल्शियमसारखं हाडांत मुरे.

त्यांतली अमेलिया मॅगिया १९२२ मध्ये वारली. दात गेले होते, जबडा कुजला होता. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र कारण लिहिलं गेलं सिफिलिस. मरणाबरोबर बदनामीही पदरी आली. १९२७ मध्ये तिचं शव उकरून हाडं काळोखात फोटोच्या फिल्मवर ठेवली, तेव्हा फिल्मवर खुणा उमटल्या. बेकरेल यांना १८९६ मध्ये युरेनियमचे किरण असेच सापडले होते. अमेलियाच्या दोन बहिणींसह पाच जणींनी कंपनीवर खटला भरला; १९२८ मध्ये तडजोड होऊन त्यांना भरपाई मिळाली.

आज माळ्यावरच्या पेटीत असं जुनं घड्याळ किंवा होकायंत्र सापडलं, तर त्याचे आकडे बहुधा चमकणार नाहीत. ‘यात आता काय उरलंय’ असं वाटेल. पण काही दशकांत थकतं ते झिंक सल्फाइड. रेडियम निम्मं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. उजेड विझला तरी आग तशीच असते.

ती डोळ्यांना दिसत नाही, वासाने कळत नाही. किरण आहेत की नाहीत, हे गायगर काउंटर सांगतो. ते कोणत्या मूलद्रव्याचे, हे गॅमा किरणांची ऊर्जा मोजणारं यंत्र सांगतं, कारण प्रत्येकाची ऊर्जा ठरलेली असते.

तोवर आपण एवढंच करावं: काच उघडू नये, रंग खरवडू नये. त्याची धूळ श्वासातून आत जाणं हाच मोठा धोका. वस्तू मुलांच्या हाती देऊ नये, भंगारात टाकू नये, जाणकाराला दाखवावी. त्या मुलींना हे कुणी सांगितलं नव्हतं.