मेहरूण ते धुळे : अंतर आणि वेळ

१९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले. पश्चिम खानदेशाचे ठाणे धुळ्याला राहिले, पूर्व खानदेशाचे जळगावला आले. बोरांसाठी नावाजलेले मेहरूण जळगावलगतचे. तेथून धुळे सरळ रेषेत सुमारे ८५ किलोमीटर. बांभोरीजवळ गिरणा ओलांडून एरंडोल-पारोळ्यावरून जाणारी सडक नव्वदीच्या पुढे जाते.

रेल्वेने मात्र हे अंतर वाढवले. चाळीसगाव-धुळे फाटा १९०० मध्ये सुरू झाला. जळगावहून चाळीसगाव ९३ किलोमीटर, पुढे धुळे ५६. म्हणजे शेजारच्या गावासाठी जवळजवळ दीडशे किलोमीटरचा वळसा. त्यामुळे या मार्गावर रुळांपेक्षा सडकच सोयीची ठरली.

विमानाचा हिशेब आणखी गमतीचा. मेहरूणच्या आग्नेयेला, कुसुंब्याजवळ जळगावचा विमानतळ आहे; धुळ्याची धावपट्टी गोंदूरला. ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या एटीआर विमानाला हे अंतर कापायला केवळ दहा मिनिटे पुरतील, पण उड्डाण, चढण आणि उतरण यांतच त्याहून अधिक वेळ जाईल. अशी सेवा व्यवहारात परवडणारी नाही. ‘उडान’ योजनेत २०१७ च्या डिसेंबरात जळगावहून विमान सुटले, ते मुंबईसाठी. धुळ्याची वाट एसटीकडेच राहिली.